हयातीची वही

आमच्या अण्णांना बघून लोक दार लावून घ्यायचे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की पोरीनं बापाचं नुसतं गुणगान गायलं. तेहतीस वर्षं ट्रेझरीत, म्हणजे सरकारी कोषागारात, नोकरी केलेला माणूस. कारकून म्हणून चिकटले आणि अधिकारी होऊन निवृत्त झाले. कुणाच्या कपभर चहाचे मिंधे राहिले नाहीत. आणि अशा माणसाची पांढरी टोपी फाटकाशी दिसली की छावणीतली एक बाई आतून कडी घालायची. मी स्कूटीवर बसून ते बघायचे आणि माझं डोकं फिरायचं.

हे सगळं नोव्हेंबरात चालायचं. सरकारी पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. ट्रेझरीतून बँकांना नावांची यादी जाते. बँकेत जायचं, आपलं नाव शोधायचं, त्याच्यापुढं सही नाहीतर अंगठा करायचा. झाला हयातीचा दाखला. महिना संपला की यादी ट्रेझरीत परत. ज्याच्यापुढची जागा कोरी, त्याची पेन्शन बंद. माणूस मेला, की पडून पाय मोडला, की लेकाकडं पुण्याला गेला, हे यादीला कळत नाही.

निवृत्त झाल्या वर्षापासून अण्णांनी एक काम स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं. पहिल्या तारखेला बँकेत जाऊन स्वतःची सही करायची. वीस तारखेनंतर पुन्हा जायचं आणि कोऱ्या जागांची नावं दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायची. बँकेतले लोक ओळखीचे, ते बघू द्यायचे. मग एकेका घरी जायचं. दाराशी उभं राहून टोपी सारखी करायची, कडी वाजवायची आणि विचारायचं, ‘‘हायेत का घरात?’’ माणूस घरात असला की फॉर्म काढून सही घ्यायची, वहीत त्याच्या नावापुढं लिहायचं, ‘हयात’. नसला, म्हणजे खरोखर नसलाच, तर नावावर पट्टीनं एक सरळ रेघ मारायची आणि घरच्यांना पुढचे कागद समजावून सांगायचे. दोन्ही कामं त्याच शांतपणानं.

आता वीस तारखेपर्यंत ज्यांनी सही केली नाही, ते बहुतेक अंथरुणाला खिळलेलेच असणार. त्यातले बरेचसे पुढच्या उन्हाळ्याच्या आत जायचे. लोकांनी ते उलटं धरलं. साहेब ज्याच्या दारात येऊन गेले तो वर्ष काढत नाही, असं बोललं जाऊ लागलं. करमाडला एकाच गल्लीतले दोघं एका हिवाळ्यात गेले, तेव्हापासून तिथं अण्णांना कुणी पाणीसुद्धा विचारीना. छावणीतली ती बाई, एका सरकारी ड्रायव्हरची विधवा, एकदा खिडकीतूनच म्हणाली, ‘‘साब, आप मत आओ जी. मैं जिंदी हूं, लिख लो और जाओ.’’

अण्णा म्हणाले, ‘‘सही लागते अम्मा. माझ्या लिहिण्यानं काय होत नाय.’’

तिनं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून फॉर्मवर अंगठा उठवला. एवढ्या घाईत उठवला की अंगठा दोनदा घ्यावा लागला. परत येताना मी अण्णांवर भडकले. मी शाळेत शिकवते, चाळीस पोरांवर ओरडायची सवय आहे, घरातही आवाज चढतोच. म्हटलं, ‘‘लोक तुम्हाला यमाचा कारकून म्हणतात. काय गरज आहे? सरकारनं सांगितलंय का?’’

मागून आवाज आला, ‘‘गाडी नीट चालव माय.’’

आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. लग्न मी केलं नाही, आई जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. एकमेकांवर रागावायला दुसरं कुणी नव्हतं.

गरज काय, हे मला ठाऊक होतं. मुद्दाम विचारायचे. अण्णा पेन्शन शाखेला होते तेव्हाची गोष्ट. लासूर स्टेशन गावच्या एका निवृत्त शाळामास्तरांच्या नावापुढं सही आली नाही. नियमानं पेन्शन थांबवली. पुढच्या वर्षीही जागा कोरीच. अण्णांनी फायलीवर लिहिलं, ‘मयत समजून प्रकरण बंद’, आणि खाली सही केली. त्यांची सही फार देखणी होती, एका ओळीत जाणारी, शेवटी किंचित वर चढणारी.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी भर दुपारी ट्रेझरीच्या पोर्चमध्ये एक टेम्पो येऊन थांबला. टेम्पोत बाजलं होतं आणि बाजल्यावर मास्तर होते. पाय मोडून पडलेले, अंगाला फोड आलेले. सोबत त्यांची बायको. लिहितावाचता न येणारी, पोटी मूलबाळ नाही, पैसे का थांबले ते दोन वर्षं कुणी तिला सांगितलं नाही. कुणीतरी म्हणालं असेल, साहेबाला माणूस दाखव. म्हणून तिनं माणूस आणला होता. ती आत आली आणि अण्णांच्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, ‘‘चला भाईर. बघा, जित्ते हायेत का नायत.’’

अण्णा बाहेर गेले. अख्खं ऑफिस खिडक्यांना लागलं होतं. अण्णांनी मास्तरांचा हात हातात घेतला. मास्तरांनी विचारलं, ‘‘कोरं राहिलं म्हणून घरी कुणी आलं कसं नाही, साहेब?’’ रागानं नाही, वर्गात उत्तर न आलेल्या पोराला विचारावं तसं. त्याच आठवड्यात पेन्शन सुरू झाली. महिन्याच्या आत मास्तर गेले.

हे मला अण्णांनी एकदाच सांगितलं, आई गेली त्या वर्षी. सांगताना हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, ‘‘मी जित्त्या माणसाला मयत लिवलं. माझ्या सहीनं. पुन्हा कुणाला कुणी असं लिवू नये, एवढंच बघायचं हाय मला. बाकी काय नाय.’’ त्यानंतर मी कुरकुरत का होईना, पण गाडी काढायचे.

मग तो नोव्हेंबर आला. अण्णांना ऐंशी पूर्ण झाली होती. उन्हाळ्यापासूनच काहीतरी बिनसलं होतं. चहा पिऊन झाल्यावर पाच मिनिटांनी चहा मागायचे. नळ उघडा ठेवायचे. सिडकोतल्या आमच्याच गल्लीत दोनदा वाट चुकले. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, हळूहळू वाढत जाईल. ‘हळूहळू’ हा शब्द त्यांनी फार मायेनं उच्चारला.

पहिल्या तारखेला मी त्यांना बँकेच्या फाटकाशी सोडलं आणि शाळेत गेले. परत न्यायला आले तेव्हा ते ओट्यावर बसून एका म्हातारबुवांचा फॉर्म भरून देत होते. भोवती आणखी चार-पाच जण, प्रत्येकाला त्यांचंच पेन हवं. मला बरं वाटलं. म्हटलं, अजून डोकं शाबूत आहे.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘माय, माझी सही झाली का गं?’’

‘‘झाली ना. आज बँकेतच तर होतात.’’

आठवड्यानं पुन्हा तेच. ‘‘सही झाली का माझी?’’ मी पेपर तपासत होते. ‘‘झाली हो अण्णा.’’

वीस तारखेनंतर आम्ही घरं फिरू लागलो. त्यांच्याच्यानं यादी उतरवणं आता होत नव्हतं. मीच एका सकाळी बँकेत जाऊन नावं घेतली, तीही घाईघाईत, शाळेची वेळ सांभाळून. खरं सांगायचं तर यादीची शेवटची दोन पानं मी उलटलीच नाहीत. खिडकीमागची बाई म्हणाली, तिथं बहुतेकांच्या झाल्यात, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्या वर्षी फिरताना मला भीती वाटायची. अण्णा एकाच घराची कडी सकाळी वाजवायचे आणि संध्याकाळी पुन्हा वाजवायचे. गारखेड्यात एका बाईनं दार उघडलं आणि तिला रडूच कोसळलं. ‘‘साहेब, कालच तर सही नेली यांची. पुन्हा कशाला आलात? काय दिसलं तुम्हाला?’’ अण्णा माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काही दिसलेलं नव्हतं. कालचा दिवसच त्यांच्यापाशी उरला नव्हता. मी त्यांचा दंड धरून गाडीकडं आणलं. पाठीमागं त्या घराची कडी लागली, मग शेजारच्या घराची, मग समोरच्या.

गाडीवर बसल्या बसल्या त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. ‘‘माय, माझी झाली का सही?’’

आणि मी फाटकन बोलले, ‘‘किती वेळा सांगू? झाली, झाली, झाली. मीच नाही का सोडलं होतं तुम्हाला? लोकांच्या जीवाला घोर लावलात, आता माझ्याही लावा.’’

त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. जीभ झडावी माझी, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, बरं झालं, गप्प बसले.

संक्रांत झाली. पेन्शनरांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा होता, एका मंगल कार्यालयात. ऐंशी पूर्ण केलेल्या सभासदांचा सत्कार करायचा होता, त्यात अण्णांचं नाव. शाल, श्रीफळ, एक मानपत्र. मी त्यांना नवा सदरा शिवला. पहिल्या रांगेत बसवलं. खुर्चीतही ती वही मांडीवर होतीच, तिच्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

अशा मेळाव्यात आधी वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली असते. ही पद्धत दरसालची. सेक्रेटरी नवे होते, नुकतेच जालन्याहून राहायला आलेले. मयतांची नावं कुठून आणायची, तर त्यांनी सोपं केलं. यादीत ज्यांच्या सह्या नाहीत ती नावं ट्रेझरीतून मागवली आणि टाइप करून घेतली. सत्काराची यादी दुसऱ्याच कुणी केली होती. दोन कागद कुणी शेजारी ठेवून बघितले नाहीत.

सेक्रेटरी वाचत होते. आधी आडनाव, मग नाव, मग वडलांचं नाव, सरकारी कागदावर असतं तसं. एका सुरात, मान खाली. लोक खुर्च्या सारत होते, मागं कपबशा वाजत होत्या. कितवं नाव होतं ते आठवत नाही. माझं आडनाव ऐकलं, मग आजोबांनी ठेवलेलं ते नाव, मग आजोबांचं. सभागृहात बहुतेकांना अण्णा फक्त ‘साहेब’ म्हणून ठाऊक. कुणाची मान वळली नाही. सेक्रेटरी पुढच्या नावावर गेले.

मी उठायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, एरवी साध्या भाजीवाल्यापाशी माझा आवाज सात घरं ऐकतात. मी नुसती अण्णांकडं बघत राहिले.

‘‘सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं.’’

अण्णा उभे राहिले. काठी खुर्चीला टेकवली, टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली. नाव त्यांनी ऐकलं होतं, कारण ते ऐकताना त्यांच्या भुवया वर गेलेल्या मी बघितल्या होत्या. ती दोन मिनिटं त्यांनी इतरांसारखीच पाळली. उलट इतरांपेक्षा नीट पाळली, कारण मागं दोघंजण फोन बघत होते.

मग सत्कार सुरू झाले आणि तेच नाव पुन्हा पुकारलं गेलं, या वेळी टाळ्यांच्या गजरात. सेक्रेटरींच्या हातातली शाल हातातच राहिली. त्यांनी खिशातला कागद काढून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मंचावरून खाली येऊन त्यांनी अण्णांचे पाय धरले. सगळे बोलू लागले. आयुष्य वाढतं म्हणे असं झालं की, असंही कुणी म्हणालं. मी तोपर्यंत गळा काढून भांडत होते, सेक्रेटरींशी, बँकेच्या नावानं, ट्रेझरीच्या नावानं. अण्णांनी माझी बाही ओढली.

‘‘त्याला कामून बोलती? यादी बरोबर हाय. माझी सहीच नाय.’’

म्हणजे पहिल्या तारखेला दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता स्वतःची राहून गेली होती. त्यांचं नाव मी न उलटलेल्या त्या दोन पानांत होतं. आणि तीनदा त्यांनी मला विचारलं होतं. पेन्शन जमा झाल्याचा मेसेजही आला नव्हता, पण त्यांचा मोबाईल कपाटात बंद पडलेला, मी तो कधी उघडून बघितलाच नाही.

घरी जाताना रिक्षात ते शाल पांघरून बसले होते. क्रांती चौक ओलांडला तेव्हा म्हणाले, ‘‘पण माय, कोरं राहिलं तर घरी कुणी आलं नाय.’’

कुणी यायचं होतं? मी त्याच घरात राहत होते, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना ट्रेझरीत घेऊन गेले. त्यांचीच जुनी शाखा. आता तिथं सगळे तरुण, अण्णांना ओळखणारं कुणी नव्हतं. तरी टेबलामागचा माणूस भला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ‘‘साहेब स्वतः हजर आहेत ना, मग काम झालं. इथंच सही घेतो.’’ आणि त्यानं यादी अण्णांच्या पुढं फिरवून ठेवली.

अण्णांनी चष्मा लावला. बोट नावांवरून खाली येत येत एका जागी थांबलं. तेच नाव, आणि पुढं कोरं. मग वही उघडली, पेन काढलं, आणि ते नाव वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतलं. आडनाव, नाव, वडलांचं नाव.

मला म्हणाले, ‘‘यांच्याकडं गेलो व्हतो का आपण?’’

टेबलामागचा माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, नाही म्हणून.

‘‘अन् या लोकांनी मयत समजून बंद केलं?’’ अण्णांचा आवाज चढला. त्या ऑफिसात तो आवाज पूर्वी कुणी ऐकला असेल-नसेल, मी तर पहिल्यांदाच ऐकला. ‘‘न बघता? घरी जाऊन बघायचं असतं. चल, गाडी काढ.’’

‘‘अहो साहेब, तुम्ही इथंच...’’ तो माणूस म्हणाला. मी हातानं त्याला थांबवलं. फॉर्म घेतला आणि गाडी काढली.

पत्ता त्यांनी विचारला नाही. मी त्यांना घरी आणलं. फाटकाशी उतरले, आपल्याच घराकडं परक्यासारखं बघितलं, तुळशीकडं बघितलं. पायऱ्या चढून दाराशी उभे राहिले आणि टोपी सारखी केली. मी धावत मागच्या दारानं आत गेले. एवढ्या वर्षांत मी कायम गाडीवरच थांबलेली, दाराच्या आतल्या बाजूनं ती कडी कशी ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. तीनदा वाजली. त्या सगळ्या बायका आठवल्या आणि कळलं, त्या का उघडत नव्हत्या.

मी दार उघडलं.

‘‘हायेत का घरात?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘हायेत,’’ मी म्हटलं. ‘‘या ना.’’

ते आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले, पाहुण्यासारखे. इकडंतिकडं बघितलं. मी फॉर्म पुढं ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली. एका ओळीत जाणारी, शेवटी किंचित वर चढणारी. मग वही उघडली आणि त्या नावापुढं लिहिलं, ‘हयात’. अक्षर जरा हललंय, पण वाचता येतं. मला म्हणाले, ‘‘सांभाळ हं यांना. कुणी विचारायला येत नाय त्यांच्याकडं.’’

पुढच्या दिवाळीच्या आधी अण्णा गेले. दिवस घातल्यावर संघटनेतले दोघं-तिघं येऊन बसून गेले, चांगलं बोलले. ट्रेझरीचे कागदही मी वेळेत भरले, त्यात कसूर केली नाही. वही माझ्या कपाटात आहे. गेलेल्या प्रत्येकाच्या नावावर पट्टीनं सरळ रेघ आहे. शेवटचं नाव तेवढं तसंच आहे, त्यापुढं ‘हयात’. त्यावर रेघ मी मारलेली नाही आणि मारणार नाही. कुणाला खात्री करायची असेल, तर त्यानं घरी येऊन बघावं.